कॅम्पर ओढायला पिकअप निवडताना आधी दार उघडा

‘हा ट्रक तेरा हजार पौंड ओढतो’ एवढ्यावर विसंबून पिकअप घेऊ नका. मी कोलोरॅडोत अकरा वर्षं कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे जोडायचं चाकांवरचं घर, ओढतोय. अमेरिकेत नव्याने कॅम्पर घेणारी आपली मंडळी भेटली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: किती ओढतो? खरा प्रश्न आहे, पाठीवर किती पेलतो?

आधी कॅम्पर ठरवा, ट्रक नंतर. जाहिरातीत छापलेलं कोरडं, म्हणजे रिकाम्या कॅम्परचं वजन सोडून द्या, त्या वजनाचा कॅम्पर रस्त्यावर कधीच धावत नाही. नुसतं चाळीस गॅलन पाणी भरलं तरी सव्वातीनशे पौंडांहून जास्त होतं. कॅम्परच्या पाटीवर जीव्हीडब्ल्यूआरचा, म्हणजे भरलेल्या कॅम्परच्या कमाल वजनाचा आकडा असतो, हिशेब त्यावरच करा.

इंजिनावर फार वेळ घालवू नका. डोंगरात जाणार असाल, तर मात्र टर्बो घ्या. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे आणि बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. ब्रेक कंट्रोलर (ट्रकमधून कॅम्परचे ब्रेक लावणारं यंत्र) आणि कॅम्परची वीज जोडणारा सात पिनांचा प्लग कारखान्यातूनच बसवलेला असावा.

आता खरं काम. शोरूममध्ये गेलात की चालकाचं दार उघडा. चौकटीवर टायरची माहिती देणारं पांढरं-पिवळं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये, ते त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्या एका ट्रकचा असतो, मॉडेलचा नव्हे. एकाच रांगेत उभ्या असलेल्या, एकाच नावाच्या दोन ट्रकांत चारशे पौंडांचा फरक मी स्वतः पाहिलाय. काचेचं मोठं छत, विजेवर उघडणाऱ्या पायऱ्या, फोर-व्हील ड्राइव्ह यांतली प्रत्येक गोष्ट वजन खाते. ट्रक जितका ऐटीचा, तितकी त्याची पाठ कमजोर.

माझा पहिला ट्रक असाच ऐटीचा होता. विक्रेता म्हणाला, ‘तुमचा सात हजार पौंडांचा कॅम्पर हा सहज ओढेल.’ ओढण्याबद्दल तो खोटं बोलला नव्हता. पण स्टिकरवर होते १,३८० पौंड. त्या उन्हाळ्यात सांगलीहून आई-बाबा आले होते. आम्ही चौघं ५६० पौंड, ते दोघं २७०. वजन विभागणारा हिच, म्हणजे कॅम्पर ट्रकला जोडणारी, भार वाटून देणाऱ्या दांड्यांची जोडणी, ९०. मागच्या हौद्यात जनरेटर, लाकडं आणि बर्फाची पेटी, ते २००. झाले १,१२०, उरले २६०. आणि कॅम्परचं तोंड हिचवर दाब टाकत होतं ९१० पौंडांचा. म्हणजे साडेसहाशे पौंड जास्त, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

या दाबाला टंग वेट म्हणतात. कॅम्परच्या भरलेल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के तो असावाच लागतो. मी तेरा टक्के धरतो. तो कमी करण्यासाठी सामान कॅम्परच्या मागच्या टोकाला सरकवण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. ज्यांनी बैलगाडी भरलीय त्यांना हे सांगावं लागत नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. कॅम्पर उलाळ झाला की तो शेपटी हलवायला लागतो, आणि ताशी साठ मैलांवर ती शेपटी ट्रकलाही सोबत घेऊन जाते.

आमच्या ट्रकचा मागचा भाग बसला होता आणि पुढची चाकं हलकी झाली होती. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना शेजारून मोठा ट्रेलर गेला आणि आमचा कॅम्पर डुलायला लागला. मागून आईचा ‘अरे, हळू!’ असा आवाज आला. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. पाय गॅसवरून काढा, चाक सरळ धरा आणि कंट्रोलरची कळ दाबून फक्त कॅम्परचे ब्रेक लावा. मी तेच केलं, म्हणून निभावलं.

‘चांगला हिच लावला की झालं’ हा सल्ला तर मला संतापच आणतो. वजन विभागणारा हिच थोडा भार पुढच्या चाकांवर आणि कॅम्परच्या आसांवर परत टाकतो, पण स्टिकरवरचा आकडा वाढवत नाही. जाहिरातीतल्या ओढण्याच्या आकड्यावरही भिस्त नको. वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या एसएई जे२८०७ या नियमानुसार चाचणीच्या हिशेबात दीडशे पौंडांची फक्त दोन माणसं धरतात. आपल्या घरची सहल दोघांची कधी असते?

ट्रकांची तुलना या हिशेबानंतर सोपी होते. फोर्ड एफ-१५० चा वरचा पत्रा आणि हौदा २०१५ पासून अॅल्युमिनियमचा आहे, खालचा सांगाडा पोलादीच. साधा प्रकार आणि योग्य पॅकेज घेतलं तर पेलण्यात तो चांगला उतरतो. रॅम १५०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत. रिकामा असताना त्याच्याइतका मऊ दुसरा नाही, पण ओझ्याखाली लवकर बसतो. टोयोटा टुंड्रालाही २०२२ पासून मागे कॉइलच आहेत. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडोला मागे पाट्यांच्या स्प्रिंग आहेत. कॅम्पर सात हजारांच्या वर आणि माणसं पाच-सहा असतील, तर हाफ-टनमध्ये, म्हणजे वरच्यासारख्या १५०० किंवा एफ-१५० वर्गात मन अडकवू नका, सरळ त्यांच्या वरच्या वर्गातला २५०० किंवा एफ-२५० बघा. त्यातही डिझेल इंजिन स्वतःच जड असतं, त्यामुळे पेट्रोलवाला अनेकदा जास्त पेलतो. मी शेवटी तोच घेतला.

खाली वाकून ट्रकच्या मागे हिच बसवायच्या नळीवरचं लेबलही वाचा. त्यावर वजन विभागणाऱ्या हिचसह आणि त्याशिवाय अशा दोन वेगळ्या मर्यादा असतात.

ट्रक घरी आला की पहिल्या सहलीआधी ट्रक-स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर जा. सगळी माणसं आत, टाकी भरलेली. एकदा हिचच्या दांड्या लावून वजन करा, एकदा दांड्या सोडून आणि एकदा कॅम्पर बाजूला ठेवून नुसत्या ट्रकचं. दांड्या सोडलेल्या वजनात ट्रकच्या दोन आसांची जी बेरीज येईल, तिच्यातून नुसत्या ट्रकचं वजन वजा करा. उरतं ते तुमचं खरं टंग वेट. मग तिन्ही चिठ्ठ्यांवर पुढच्या आसाचा आकडा पाहा. दांड्या लावल्यावर तो नुसत्या ट्रकच्या आकड्यापेक्षा बराच कमी राहिला, तर त्या अजून एक कडी घट्ट करा आणि पुन्हा तोला.