किट उपसण्याआधी मीटर तपासा: या चुका टाळा

घरी जोडलेलं इलेक्ट्रॉनिक किट पहिल्या झटक्यात चाललं नाही की लोक थेट आयसी (चिप) बदलायला घेतात. हातातला मीटर, म्हणजे मल्टिमीटर, या सर्किटसाठी योग्य आहे का, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. सगळे मीटर सारखेच असं धरून चालणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक. म्हणून आधी तीच घेतो.

एक मुलगा ऑडिओ अॅम्प्लिफायरचं किट घेऊन आला होता. आवाजच येत नव्हता. सर्किटमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावून मधून निम्मं व्होल्टेज, म्हणजे ४.५, आयसीला दिलेलं. त्याच्या मीटरवर तिथे जेमतेम १.३ व्होल्ट. आयसी शॉर्ट आहे असं त्याने ठरवून टाकलं. नवा लावला, तरी १.३. मग रेझिस्टर काढले, पुन्हा लावले, पुन्हा काढले, आणि या तापवातापवीत बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅकच उचकटला.

मीटर काट्याचा होता, आणि डायलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत २ किलोओहम प्रति व्होल्ट असं छापलेलं होतं. म्हणजे १० व्होल्टच्या रेंजवर तो मीटर स्वतःच २० किलोओहमचा रेझिस्टर झाला. खालच्या १०० किलोओहमला तो पॅरलल लागला की दोघांचे मिळून उरतात सुमारे १७, आणि मधलं व्होल्टेज कोसळतं. मीटरचा प्रोब, म्हणजे वायरचं टोक, उचलला की सगळं पूर्ववत. तुटलेल्या ट्रॅकवर वायर टाकून १० मेगओहम इनपुटच्या, म्हणजे स्वतःचा रेझिस्टन्स तेवढा मोठा असलेल्या, डिजिटल मीटरने मोजलं, तर साधारण ४.४८ व्होल्ट. आयसी पहिल्यापासून ठणठणीत होता. बिघाड होता व्हॉल्यूमच्या पॉटवरच्या (फिरवायच्या रेझिस्टरवरच्या) ड्राय सोल्डरचा, म्हणजे नीट न धरलेल्या जोडाचा.

डिजिटल म्हणजे १० मेगओहम असंही समजू नका. स्वस्त मॉडेलमध्ये १ मेगओहमवाले भरपूर आहेत. मी मीटर घेताना १ मेगओहमचे दोन रेझिस्टर आणि नवी ९ व्होल्टची बॅटरी जवळ ठेवतो. रेझिस्टर सिरीजमध्ये बॅटरीला लावायचे आणि मधल्या जोडावर मोजायचं. ४.३ च्या आसपास आलं तर मीटर १० मेगओहमचा, ३ व्होल्ट आलं तर १ मेगओहमचा. पाकिटावर काय लिहिलंय यापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

दुसरी चूक जास्त धोक्याची. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहतो, नॉब व्होल्टवर फिरवला जातो आणि प्रोब बॅटरीला लावले जातात. त्या सॉकेटचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, म्हणजे तुम्ही बॅटरी सरळ शॉर्ट केली. बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला फ्यूजच नसतो, आणि तसं शेजारी छापलेलंही असतं. लिथियमच्या सेलवर असं केलंत तर वायर वितळेल, हात भाजेल. फ्यूज उडाला म्हणून त्याजागी तार बांधणाऱ्यांना मी माझ्या टेबलाजवळ बसू देत नाही. माझी सवय अशी: करंट मोजून झाला की मीटर खाली ठेवण्याआधी प्रोब व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत. आणि शक्यतो करंटची रेंज वापरतच नाही. सप्लायच्या वायरमध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाकतो आणि त्याच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजतो. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर.

बाकीच्या थोडक्यात. सप्लाय चालू ठेवून रेझिस्टन्स मोजू नका, आणि सप्लाय बंद केल्यावरही मोठा कॅपॅसिटर आधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा. बोर्डावर लागलेला रेझिस्टर कमी दाखवत असेल तर त्याचं एक टोक मोकळं करून बघा, पॅरललमध्ये दुसरं काहीतरी असतं. कंटिन्युइटीचा (जोड सलग आहे का ते सांगणारा) बीप तीस-चाळीस ओहमपर्यंतही वाजू शकतो, त्यामुळे बीप आला म्हणजे सोल्डर पक्का, असं नाही. डिस्प्लेवर अंक जास्त म्हणजे अचूकता जास्त, हाही गैरसमजच. टक्क्यांत दिलेली अचूकता वाचा. पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल) मोजताना डीसी रेंज फक्त सरासरी दाखवते. आणि किट थेट मेन्सवर, म्हणजे घरातल्या विजेवर, चालणारं असेल तर मीटरवर आणि प्रोबवर कॅट रेटिंग (CAT, सुरक्षिततेचा दर्जा) बघा. ते नसलेला मीटर मेन्सला लावायचा नाही. घाई असली तरी नाही.

मीटरमधली बॅटरी उतरली की बरेच स्वस्त डिजिटल मीटर कमी नाही, जास्त व्होल्टेज दाखवायला लागतात. ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) ५.६ दाखवत असेल तर तो उपसण्याआधी मीटरची बॅटरी बदला.