जुनं मॉडेल इंजिन घरच्या घरी डीसीसीवर कसं आणावं

मामाने शिकागोहून आणलेलं ॲथर्न कंपनीचं एफ ७ डिझेल इंजिन माझ्याकडे बरीच वर्षं आहे. एचओ माप, म्हणजे १:८७. रंग सांता फे रेल्वेचा लाल-चंदेरी. निळ्या खोक्यात पूर्वी मिळणारी ही इंजिनं दणकट असतात आणि आत जागा भरपूर असते, म्हणून डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळांतूनच वेगळा हुकूम देण्याची पद्धत) बसवण्याच्या पहिल्या प्रयत्नासाठी मी असंच इंजिन घ्यायला सांगेन.

आधी आत काय बदलतं ते समजून घ्या. जुन्या, म्हणजे साध्या डीसी पद्धतीत रुळांतला व्होल्टेज शून्य ते १२ असा कमी-जास्त करून वेग ठरतो, त्यामुळे एका रुळावरची दोन इंजिनं एकदमच निघतात. डीसीसीत रुळांत कायम साधारण १४-१५ व्होल्ट असतात. त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि त्या उलटण्याच्या लयीतूनच हुकूम जातो: तीन नंबर, पुढे चल, दिवा लाव. इंजिनातला डीकोडर तो हुकूम वाचतो आणि मोटरला स्वतः वीज देतो. म्हणून मोटर आणि रूळ यांच्यामध्ये डीकोडरखेरीज दुसरी वाट उरता कामा नये. उरली, तर रुळांची वीज मागच्या दाराने डीकोडरमध्ये शिरते आणि तो जळतो. बाकीच्या चुका सुधारता येतात, ही येत नाही.

इंजिन डीकोडरच्या लायकीचं आहे का?

पहिल्यांदा इंजिन साध्या डीसीवर नीट चाललं पाहिजे. कचरत, अडखळत चालणारं इंजिन डीकोडर बसवल्यावरही तसंच चालतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने चाकांवरचा काळा थर पुसा, गिअरमधलं सुकलेलं ग्रीस काढून अगदी थोडं नवीन लावा.

मग मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून वीज देणाऱ्या एका वायरमध्ये मधोमध जोडा, १२ व्होल्ट द्या आणि मोटर बोटांनी क्षणभर अडवा. अडलेली मोटर जास्तीत जास्त जेवढा करंट खेचते, तेवढा झेपणारा डीकोडर हवा. एचओचे बरेचसे डीकोडर १ अँपिअरचे असतात. तुमचा आकडा त्याच्या वर गेला, तर जास्त क्षमतेचा डीकोडर घ्या किंवा मोटरच बदला.

मोटर वेगळी करणं

खरं काम हेच, आणि यात घाई नको. कवच काढलं की मोटरच्या डोक्यावरून एक लांब धातूची पट्टी जाताना दिसेल. ती पुढच्या-मागच्या बोग्यांमधून (बोगी म्हणजे इथे चाकांचा गाडा, डबा नव्हे) एका रुळाची वीज मोटरच्या वरच्या क्लिपला देते. ही पट्टी काढून टाका. दुसऱ्या रुळाची वीज धातूच्या चेसीतून येते आणि मोटरच्या खालच्या क्लिपला दोन जिभा असतात, त्या चेसीला टेकतात. आपल्याला तोडायचा आहे तो हाच संबंध.

मोटर चेसीतून सोडवा आणि पांढरा कपडा अंथरलेल्या परातीत उलटी धरा. खालची क्लिप हलक्या हाताने उचकटताना तिच्याखालची स्प्रिंग आणि कार्बन (मिक्सर दुरुस्त करणारे म्हणतात तोच) उडू शकतात, म्हणून परात. त्या दोन्ही जिभा कापून क्लिप सपाट करा. क्लिप मोटरपासून लांब असतानाच तिला करडी वायर सोल्डर करा, नाहीतर मोटरचं प्लास्टिक वितळतं. तशीच वरच्या क्लिपला केशरी वायर. चेसीच्या तळाशी, मोटरखाली, कॅप्टॉन टेपचे (उष्णता सोसणारी इन्शुलेशनची टेप) दोन थर द्या. मोटरवर कपॅसिटर असेल तर तो काढा, डीकोडरच्या वेग-नियंत्रणात तो अडथळा आणतो.

आता मल्टीमीटर बीपवर ठेवा. केशरी वायर आणि डावी चाकं, केशरी आणि उजवी चाकं, मग करडी वायर घेऊन तेच. चारही वेळा शांतता हवी. माझा पहिला डीकोडर इथेच गेला: मोटर हातात असताना तपासणी ठीक होती, पण ती जागेवर दाबून बसवल्यावर क्लिपची कड चेसीला टेकली. म्हणून मोटर पक्की बसवल्यावर हीच तपासणी पुन्हा करा.

जुन्या ब्रिटिश ट्रायँग-हॉर्नबीच्या एक्स ०४ मोटरमध्ये कार्बन दाबणाऱ्या स्प्रिंगच्या एकाच बाजूला इन्शुलेशनची नळी असते. दुसऱ्या बाजूलाही तशी नळी घातली की तोच परिणाम साधतो. त्या मोटरचं चुंबक मात्र काढू नका, त्याची ताकद कमी होते.

वायरिंग

डीकोडरच्या वायरींचे रंग ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाची, काळी डाव्या. केशरी आणि करडी मोटरच्या. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, आणि निळी सगळ्या दिव्यांची सामाईक धन. कुठल्या बाजूची चाकं चेसीला जोडलेली आहेत ते बीपवर बघा. त्या रुळाची वायर चेसीला स्क्रूने जोडा, आणि दुसऱ्या रुळाची दोन्ही बोग्यांच्या उभ्या पट्ट्यांना. इथे मऊ, लवचिक वायर वापरा, वळणावर बोगी मोकळी फिरली पाहिजे. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी).

जुना बल्ब चेसीवरूनच वीज घेतो, म्हणून तो काढून एलईडी लावणं बरं. निळी वायर लांब पायाला. पांढरी १ किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून आखूड पायाला.

पहिली चाचणी

इंजिन थेट मुख्य रुळावर ठेवू नका. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डीकोडरची सेटिंग करण्यासाठीचा वेगळा रूळ) करंट मर्यादित असतो, त्यामुळे जोडणी चुकली तरी डीकोडर बचावण्याची शक्यता मोठी. तिथे सीव्ही ८ वाचा (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांकाने ओळखली जाणारी सेटिंग). आकडा आला की डीकोडर जागा आहे. वाचताना इंजिन किंचित थरथरतं, ते त्याचं उत्तर असतं. आकडा आलाच नाही, तर मोटरच्या वायरी आधी बघा.

नवीन डीकोडरचा पत्ता ३ असतो. सीव्ही १ मध्ये इंजिनावरच्या क्रमांकातले शेवटचे दोन आकडे टाका. सीव्ही २ हळूहळू वाढवत न्या, पहिल्या पायरीला चाकं जेमतेम हलली की थांबा. सीव्ही ३ आणि ४ मुळे निघणं आणि थांबणं जड गाडीसारखं होतं. इंजिन उलटं पळत असेल, तर केशरी-करडी अदलाबदल करा.

डीकोडर दुहेरी चिकटपट्टीने बसवा, पण टेपमध्ये पूर्ण गुंडाळू नका, त्याला उष्णता बाहेर टाकावी लागते. वायरी फ्लायव्हीलपासून (मोटरच्या दांड्यावर फिरणारं जड चाक) लांब बांधा, कवच चढवा, आणि प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर सीव्ही ८ पुन्हा वाचा. कवचाखाली वायर चेपली गेली असेल तर ती इथेच कळते. आकडा आला, की इंजिन मुख्य रुळावर न्या.