कोकणातलं बंद घर उघडून गावी कायमचं राहायला कसं जावं

गणपतीत आठ दिवस गावी राहून परतताना बहुतेकांच्या मनात येतं, की आता मुंबई पुरे. पण ते आठ दिवस गावाचे सगळ्यात सुखाचे असतात. विहीर भरलेली, घरात पंधरा माणसं, वाडीतली सगळी घरं उघडी. कायमचं राहायचं असतं ते उरलेल्या दिवसांत. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात वडिलोपार्जित घर आहे, ते काही वर्षं बंद आहे आणि शहरातलं बिऱ्हाड तिथे न्यायचं आहे, अशा कुटुंबासाठी पुढचा क्रम दिला आहे. पहिल्या पाहणीपासून सामानाचा टेम्पो लागेपर्यंत साधारण दीड वर्ष धरा. हा काळ जास्त वाटेल, पण कोकणात घराचं प्रत्येक काम पाऊस ठरवतो आणि घाई केलेलं काम नेमकं जुलैत उघडं पडतं.

आधी मेअखेर, मग जुलैत राहून बघा

मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडा. दोरीचा ओला भाग मोजला की पाण्याची खरी खोली कळते. इथला सच्छिद्र जांभा दगड पावसाचं पाणी भराभर पितो आणि तितक्याच लवकर सोडतो, म्हणून दिवाळीत तुडुंब दिसणारी विहीर मेमध्ये तळ दाखवू शकते. घर खाडीजवळ असेल तर याच दिवसांत पाणी चाखा. मचूळ लागत असेल तर पिण्याच्या पाण्याची वेगळी सोय आधी बघावी लागेल.

नंतर जुलैत सलग पंधरा दिवस राहा. या दोन जिल्ह्यांत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून ते ऑगस्टमध्येच असतो. वहीत रोज तीन गोष्टी लिहा: वीज किती तास गेली, वीज गेल्यावर मोबाइलची रेंज किती वेळ टिकली, आणि घरापर्यंतचा रस्ता किंवा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पाण्याखाली गेला का. टॉवरची बॅटरी संपली की रेंजही जाते, त्यामुळे घरून नोकरी करणाऱ्याने वीज असतानाची रेंज बघून काही ठरवू नये. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घेऊन ओटी, माळा आणि परसात तपासा. फायबरची जोडणी शेजारी असेल तर पावसात ती किती दिवस बंद असते, हे वापरणाऱ्यालाच विचारा.

शहरातलं घर या टप्प्यावर विकू नका. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर द्या. पहिलं वर्ष पार पडल्यावर पुढचं ठरवता येतं.

कागद लगेच काढायला घ्या, त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो

कोकणात घरं वाड्यांमधून विखुरलेली असतात आणि पुष्कळ घरं गावठाणाबाहेर, सातबाऱ्याच्या जमिनीत उभी असतात. म्हणून दोन कागद शेजारी ठेवून वाचा: ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट उतारा (नमुना ८) आणि घर ज्या सर्व्हे नंबरात आहे त्याचा सातबारा. घरपट्टी तुमच्या आजोबांच्या नावावर असली, तरी जमीन चार चुलत घराण्यांच्या नावावर असू शकते. असेसमेंट उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. वर्षानुवर्षं पट्टी भरली म्हणून घर आपलं झालं, हा समज अनेक भावकीच्या भांडणांचं मूळ आहे. सातबाऱ्यातला इतर हक्काचा रकानाही वाचा. तिथे कुळाची किंवा बोजाची जुनी नोंद असते.

सातबाऱ्यावर अजून मयत माणसाचं नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र लागतं. पूर्वी ज्यांना तलाठी म्हणत ते ग्राम महसूल अधिकारी फेरफार घेतात, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागदावर हे महिन्याभराचं काम आहे. प्रत्यक्षात एखादी आत्या किंवा बहीण वारसांच्या यादीतून वगळलेली असते आणि तिथेच अर्ज अडतो. नावं पूर्ण द्या. लग्न झालेल्या मुलींचा हक्क असतोच.

घर सामाईक असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी भाऊबंदांशी बसून लेखी संमती घ्या. राहणार कोण, खर्च कुणाचा, गणपतीत सगळे आले की कोणत्या खोल्या मोकळ्या ठेवायच्या, हे सगळं त्यात लिहा. खर्च करून झाल्यावर मागितलेली सही सहसा मिळत नाही.

छप्पर: जानेवारी-फेब्रुवारीतच

गडी मिळण्याचं गणित समजून घ्या. जून-जुलैत लावणी, नंतर गणपती, ऑक्टोबरात कापणी, मार्चमध्ये शिमगा आणि पुढे आंबा-काजू. मधले जानेवारी-फेब्रुवारी हेच छपराचे महिने. सुताराला दिवाळीतच सांगून ठेवा.

दुपारी माळ्यावर चढून दिवा न लावता वर बघा. जिथून उजेड येतो तिथून पाणी येतं. मग प्रत्येक वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक स्क्रू ड्रायव्हरने टोचा. मध्यभागी वासा टणक असतो आणि टोकाला भुसा झालेला असतो, कारण भिंतीची ओल तिथेच मुरते. टोक अर्धा इंच आत गेलं तर वासा बदलायचा, रंग लावून झाकायचा नाही. कौलं एकेक करून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर कौल चांगलं, बद्द आवाज आला तर केसासारखी चीर आहे.

मंगलोरी कौलं एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण १३० ते १५० लागतात. दहा टक्के जास्त आणा, कारण वानरं दर वर्षी काही फोडतातच. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि सांध्यातून पाणी शिरतं. म्हणून चांगली जुनी कौलं गोळा करून मागच्या पाख्यावर (छपराच्या उतरत्या बाजूवर) घाला आणि पुढचं पाखं पूर्ण नवं करा. रिपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांचं, अंतर नवं कौल प्रत्यक्ष ठेवून ठरवा. जुन्या मापावर नवी कौलं बहुधा बसत नाहीत.

जांभ्याच्या, मातीत बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि दोन-तीन पावसांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा करा, नाहीतर चिरा (जांभ्याचा घडीव दगड) उघडाच ठेवून नुसते सांधे भरा. भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर क्लोरपायरीफॉस २० टक्के हे औषध एक भाग, पाणी एकोणीस भाग, असं मिश्रण करून पायाच्या कडेने सोडतात. हातमोजे आणि मास्क हवेत, आणि विहिरीच्या आसपास ते अजिबात वापरायचं नाही. घर विहिरीला लागून असेल तर या कामाला जाणकारालाच बोलवा.

विहीर: मेमध्ये उपसा, मग हिशेबाने पावडर टाका

पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हाच गाळ निघतो. पण बरीच वर्षं न वापरलेल्या विहिरीत तळाशी दूषित हवा साचलेली असते. आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडा. ज्योत मंदावली किंवा विझली तर उतरायचं नाही. ज्योत राहिली तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन धडधाकट माणसं हवीत. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीच्या आत ठेवून चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो आणि त्याला काढायला उतरलेलाही तिथेच पडतो. चिऱ्यांच्या फटीत उगवलेली पिंपळ-वडाची रोपं मुळासकट काढा. ती वाढली की बांधकाम सुटतं.

गाळ काढून नवं पाणी साचलं की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची. मात्रा हजार लिटरला ५ ग्रॅम. विहिरीत किती लिटर पाणी आहे ते असं काढा: विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्याच आकड्याने गुणा, पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी ७८५ ने गुणा. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर ३ × ३ × ४ × ७८५ म्हणजे सुमारे २८,००० लिटर, आणि पावडर १४० ग्रॅम. जुलैत त्याच विहिरीत ८ मीटर पाणी चढलं की मात्रा २८० ग्रॅम होते. बाराही महिने एकच मूठ टाकत राहिलं, तर ऐन पावसाळ्यात, जेव्हा गढूळ पाणी आत शिरतं, तेव्हाच मात्रा निम्मी पडते.

पावडर सरळ विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं निवू द्या. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोरीने पाण्यात बुडवून वर-खाली, आडवी-तिडवी हलवा. तळचा चुना विहिरीत टाकायचा नाही. हे काम रात्री करा आणि पाणी सकाळी वापरा. किमान एक तास तरी जाऊ द्या. ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन उरलं आहे. पावडर घातली आणि तरी रंग आला नाही, तर पावडर शिळी असण्याची शक्यता मोठी: पुडी उघडली की दमट हवेत तिचा जोर जातो. छोट्या पुड्या आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

नवीन शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर, आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. जांभा सच्छिद्र असतो, त्यामुळे इथे अंतर जास्त ठेवता आलं तर जरूर ठेवा.

वीज

मीटर बरीच वर्षं बंद असेल तर जोडणी कायमची खंडित झालेली असू शकते. मग जुनी थकबाकी भरून नवीन जोडणीचा अर्ज करावा लागतो. मंजूर भार मागताना पंप, फ्रिज आणि गिझर धरून मागा. एक अश्वशक्तीचा पंपच पाऊण किलोवॉट घेतो. जुनी वायरिंग ठेवू नका, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. अर्थिंगचा खड्डा जांभ्यात उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थ लागत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की राऊटर, टीव्ही आणि फ्रिजची पिन काढून ठेवायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

१५० एएचच्या १२ व्होल्ट बॅटरीतून वापरता येईल अशी वीज सुमारे १,२०० वॉट-तास मिळते. लॅपटॉप, राऊटर, चार दिवे आणि कमी वॉटचे दोन बीएलडीसी पंखे मिळून १७० वॉट होतात, म्हणजे सात तास. साधे पंखे ठेवले तर साडेचार तासांत बॅटरी बसते.

दवाखान्याचं अंतर मिनिटांत मोजा

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय, तिन्हीकडे पावसात गाडीने किती मिनिटं लागतात ते प्रत्यक्ष जाऊन बघा. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठे असतं, रात्री डॉक्टर असतात का, हेही तिथेच विचारा. जांभ्याच्या कातळावर फुरसं हा विषारी साप सर्रास आढळतो. जेमतेम दीड-दोन फुटांचं आणि दगडांच्या रंगाचं. दगडांचे ढीग आणि लाकडाची रास घराच्या भिंतीला लावू नका, अंधारात बॅटरीशिवाय अंगणात पाय ठेवू नका. दंश झाला तर करकचून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. तो हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. चिखलात काम करणार असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) माहिती आरोग्य केंद्रातून घ्या. रोज औषध लागणाऱ्या माणसाची दोन महिन्यांची औषधं घरात हवीत.

वाडी

कुंपण घालण्याआधी शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, की परसातून पायवाट किंवा गुरांची वाट जाते का. नकाशात नसलेली वाट पिढ्यान्‌पिढ्या वापरात असते, आणि नव्याने आलेल्याने गडगा घालून ती बंद केली की पहिलं भांडण होतं. गावकीची वर्गणी, पालखीचा दिवस, देवळातल्या बैठकीची वेळ आपणहून विचारून घ्या. पहिलं वर्ष बैठकीत ऐकायला बसा. चाकरमानी दोन दिवसांसाठी येतो आणि शहाणपण सांगून जातो, ही गावाची जुनी तक्रार आहे आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे.

पहिला पाऊस, आणि मग सामान

जूनमध्ये गाद्या, भांडी आणि कपड्यांच्या चार पिशव्या एवढंच घेऊन राहायला या. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बॅटरी आणि खडू घेऊन माळ्यावर जा. जिथे थेंब दिसेल तिथल्या रिपेवर खूण करा, पण थेंब पडतो त्याच्या वरच्या बाजूलाही बघा, कारण पाणी रिपेवरून वाहत येऊन भलतीकडे टपकतं. उघडीप मिळाली की तेवढीच कौलं सरकवून घ्या.

मुलांचं शाळेत नाव याच जूनमध्ये घाला. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला एप्रिलमध्येच मागून ठेवा. रेशनकार्ड, गॅस आणि आधारचा पत्ता पावसाळ्यात बसून बदलता येतो, मतदार यादीसाठी निवडणूक आयोगाचा नमुना ८ (घराच्या असेसमेंट उताऱ्याहून वेगळा) भरावा लागतो.

बाकी सामान ऑक्टोबर संपताना आणा. प्लायवूडची कपाटं आणि पलंग आणूच नका: एका पावसात फुगतात आणि दारं लागेनाशी होतात. लाकडी किंवा पत्र्याचं कपाट चालतं, तेही भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलेलं. पुस्तकं आणि रेशमी साड्या झाकणबंद डब्यांत ठेवा आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या कडक उन्हात बाहेर काढून वाळवा.