जुने तोफगोळे आणि तोफखान्याचे साहित्य : पारख, जतन व मांडणी

देवगिरीवरील मेंढा तोफ पाहिली की संग्रहाची हौस असलेल्या माणसाचे मन थेट तोफेवरच जाते. परंतु खासगी संग्राहकाने आरंभ तोफगोळे, तोफ ठासण्याचे गज, दारूची शिंगे आणि तोफगाड्याच्या चाकांवरील लोखंडी धावा (पट्ट्या) यांपासून करावा, हेच शहाणपणाचे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येनुसार तोफखाना निषिद्ध शस्त्रांत मोडतो. दुरुस्त करूनही डागता न येणाऱ्या पुरातन शस्त्रास सूट असली, तरी तोफेचा व्यवहार करण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा. शेतात नांगरताना काही सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होऊ शकतो, म्हणून तेही जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. किल्ल्यावरून उचललेला गोळा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

विकत घेताना गोळ्यावर आधी छिद्र किंवा बुजवलेली खूण शोधावी. ती आढळल्यास गोळा पोकळ आणि आत दारू भरलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्याला हात न लावता पोलिसांना बोलवावे. भरीव गोळ्याचा व्यास मोजून वजन करावे. दहा सेंटिमीटर व्यासाचा ओतीव लोखंडी गोळा सुमारे पावणेचार किलो भरतो, त्याच मापाचा काळ्या दगडाचा गोळा जेमतेम दीड किलो, तर पोलादी गोळा चार किलोच्या थोडा वर जातो. सिमेंट कारखान्यातील दळणाचे पोलादी गोळे गंज चढवून ‘तोफगोळे’ म्हणून खपवले जातात. वजन नेमके ४ किंवा ७.२६ किलो भरले, तर तो मैदानावरचा गोळाफेकीचा गोळा असण्याचा संशय घ्यावा. ओतकामाच्या साच्याची पुसट शिवण दिसणे ही चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर काळ ठरवू नये. सापडलेल्या जागेवरून निर्मितीस्थानही ठरत नाही. विजापूरची मुलूखमैदान तोफ पूर्वी परांड्याच्या किल्ल्यावर होती.

लोखंडावरचा गंज आम्लाने किंवा वाळूच्या माऱ्याने काढू नये, कारण त्यासोबत मूळ पृष्ठभागही जातो. मऊ ब्रशने सुटी धूळ काढून, वस्तू पूर्ण कोरडी करून मेणाचा पातळ थर द्यावा. जमिनीतून निघालेल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात आणि ते सुकताना तडकते. ते तज्ज्ञाकडेच सोपवावे. पंचधातूवर फिकट हिरवी भुकटी दिसू लागल्यास ती वस्तू इतरांपासून वेगळी करून कोरड्या जागी ठेवावी.

मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात गाड्याचे लाकूड फाटते आणि पावसाळ्यात लोखंडाला घाम येतो, म्हणून मांडणी खिडकी व कूलर यांपासून दूर करावी. गोळे एकावर एक रचू नयेत. प्रत्येकाखाली कातलेली लाकडी बैठक द्यावी. पाटीवर माप, वजन आणि विक्रेत्याने सांगितलेला इतिहास लिहावा, मात्र पुराव्याने ठरलेले आणि केवळ ऐकीव यांची नोंद वेगवेगळ्या ओळींत करावी.