थंडी पडण्यापूर्वी काड मुरवा, मगच बायोगॅसला घाला

मळणी झाली की काडाचे ढीग लागतात आणि ते सरळ बायोगॅसच्या टाकीत ढकलले जातात. तिथेच फसगत होते. काडाची नळी पोकळ असते. आत हवा अडकल्याने काड शेणकाल्यावर तरंगते, आठवडाभरात वर जाड साय धरते आणि खालचा गॅस कोंडतो. त्यात काडातले लिग्निन (काडाला कडक करणारा लाकडी घटक) टाकीतल्या जिवाणूंना पचत नाही आणि ते आतल्या सेल्युलोजलाही (ज्यापासून गॅस होतो त्या तंतूंना) झाकून ठेवते.

उपाय साधा आहे. कुट्टी १ ते २ सेंमी करा, लांब तुकडे ढवळणीला गुंडाळतात. १०० किलो कोरड्या कुट्टीला २ किलो युरिया ८०-९० लिटर पाण्यात विरघळवून, त्यात २-३ किलो ताजे शेण कालवून थराथराने शिंपडा. पायाने घट्ट दाबा आणि प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद झाका. युरियापासून अमोनिया तयार होतो आणि तोच काडाची वीण सैल करतो. चाऱ्यासाठी काड मुरवताना १०० किलोला ४ किलो युरिया घेतात, ते प्रमाण इथे नको. काडात कार्बन-नत्राचे गुणोत्तर ७०-८० असते, म्हणजे एक भाग नत्रामागे ७०-८० भाग कार्बन. २ किलो युरियाने ते ३० च्या आसपास येते, ४ किलोने २० च्या खाली उतरते आणि जादा अमोनिया टाकीतल्या जिवाणूंना मारक ठरतो.

उबदार हवेत तीन आठवडे पुरतात, १५ अंशांखाली महिना-दीड महिना लागतो. म्हणून हे काम आत्ताच उरका.

उघडताना वारा पाठीवर येईल असे उभे राहा, अमोनियाने डोळे झोंबतात. चांगले मुरलेले काड तपकिरी, मऊ दिसते आणि चिमटीत दाबले की उभे चिरते. पांढरी बुरशी दिसली तर कागद फाटलेला आहे, तेवढा भाग काढून टाका. युरियाच्या पाण्याला जनावराचे तोंड लागू देऊ नका, विषबाधेने जीव जातो.

रोज ५० किलो शेण घालत असाल तर सुरुवात १ किलो काडाने (कोरडे वजन धरून) करा आणि दोन आठवड्यांत २ किलोपर्यंत न्या. काड रात्रभर शेणकाल्यात बुडवून ठेवले की नळीतली हवा निघते. दर किलो काडामागे ८-१० लिटर पाणी वाढवा.

ज्योत विझू लागली, स्लरीला (टाकीतून बाहेर पडणाऱ्या काल्याला) आंबूस वास आला आणि सामू (पीएच) ६.५ खाली गेला, तर काड लगेच बंद करा. तीन-चार दिवस काहीच घालू नका, नंतर फक्त शेणकाला थोडा थोडा सुरू करा.

कॉस्टिक सोड्याने काड लवकर मऊ पडते खरे, पण तो सोडियम स्लरीवाटे शेतात उतरतो. घरच्या टाकीसाठी तो वापरूच नका.