विणलेल्या पिशवीचा पट्टा लोंबू नये म्हणून

पिशवीचे तुकडे सुयांवरून उतरले की काम संपत आले असे वाटते, पण पिशवी टिकेल की नाही हे यापुढच्या जोडणीवर ठरते. तुकडे भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, मापात टाचून पूर्ण वाळू द्यावेत. ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याच्या विणकामावर थेट इस्त्री कधीही फिरवू नये, कारण ते एकदा लुळे पडले की पुन्हा उभे राहत नाही. ‘इस्त्रीने सगळे बसते’ असे शिकवणाऱ्याकडे त्याच्या हातची, वर्षभर वापरलेली पिशवी पाहायला मागावी.

कडा जोडणे वाटते तितके अवघड नाही. सुलट बाजू वर ठेवून काठाच्या टाक्याच्या आतली आडवी दोरी एकदा या तुकड्यातून, एकदा त्या तुकड्यातून बोथट सुईने उचलत जावी आणि चार-पाच ओळी झाल्या की धागा हलकेच ओढावा. पहिली शिवण वाकडी आली तरी हिरमुसू नये. ती उसवता येते.

मला खरे छळले ते ओझ्याने. विणलेले कापड ताणले जाते, ताणलेल्या पट्ट्याला सामानाचा भार पेलवत नाही, आणि अस्तर सैल असेल तर तो सगळा भार विणीवरच पडतो. म्हणून ओझे अस्तराने उचलले पाहिजे, विणीने केवळ दिसावे. त्यासाठी न ताणणारे सुती कापड आधी धुऊन आटवून घ्यावे, वाळलेल्या पिशवीचे माप आतून, अस्तर जिथे टाचायचे त्या रेषेपासून तळापर्यंत घ्यावे आणि शिवलेले अस्तर रुंदीत व खोलीत एकेक सेंटिमीटर कमीच ठेवावे. ऐसपैस अस्तर म्हणजे उदारपणा नव्हे, ती पुढच्या लोंबण्याची तयारी आहे. पट्ट्याच्या आतही सुती पट्टी घालावी. पट्ट्याची टोके काठाखाली चार-पाच सेंटिमीटर उतरवून, मागे जाड कापडाचा तुकडा ठेवून, वीण आणि अस्तर दोन्हींतून चौकोनी टीप मारावी. इथे गोंद वापरणाऱ्यांशी मला वादही घालायचा नाही.

अस्तराचा काठ आणि पट्ट्याची टोके मात्र आधी कच्च्या धावदोऱ्याने टाचावीत, पिशवीत पुस्तके भरून ती रात्रभर टांगावी, आणि सकाळी तळ ओझ्याने खाली उतरलेला दिसला तर दोरा काढून अस्तर तेवढे वर सरकवावे. मगच पट्ट्याची चौकोनी टीप आणि काठाची तुरपाई करावी.