तापलेल्या बाळाची लघवी तपासायला देताय? या चुका टाळा

कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, डबी आमच्या लॅबमध्ये आली की मी आधी एकच विचारते, "ताई, अँटिबायोटिक सुरू केलंय का?" बरेचदा उत्तर येतं, "हो, मागचं सिरप उरलं होतं, कालपासून तेच देतोय." इथेच घात होतो. एखाद्या डोसानेही लघवीतले जंतू इतके दबतात की कल्चरमध्ये काही उगवत नाही. संसर्ग मात्र मूत्रपिंडात राहिलेला असू शकतो, आणि त्यावर कोणतं औषध चालेल हे कळायची वाट बंद होते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला सर्दी-खोकला नसताना ताप आला, तर डॉक्टरांना लघवीच्या तपासणीचं विचारा आणि पहिला डोस नमुना दिल्यावरच द्या. बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल, तर घरी नमुन्यासाठी ताटकळू नका, थेट दवाखाना गाठा. तिथे नळीने नमुना घेऊन लगेच उपचार सुरू करतात.

बाळाच्या लघवीच्या जागेवर चिकटवायच्या पिशवीतली लघवी कल्चरला देऊ नका. तिच्यात कातडीवरचे आणि शीचे जंतू सहज मिसळतात आणि संसर्ग नसलेल्या बाळालाही अँटिबायोटिक सुरू होतं. डायपर पिळून आणलेली तर नकोच. जागा पाण्याने धुवा, बाळाला मांडीवर घ्या आणि धार सुरू झाली की निर्जंतुक डबी तिच्याखाली धरा. वेळ लागतो, पण अशा डबीवर भरवसा ठेवता येतो. ती तासाभरात लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. उबेत ई. कोलाय हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो.

"ताप उतरला, आता रिपोर्ट कशाला?" असं म्हणून पुष्कळजण परत येतच नाहीत. कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीला (त्या जंतूंवर कोणतं औषध चालतं ही तपासणी) दोन-तीन दिवस लागतात. काचेच्या बशीत जंतू पसरून त्यावर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतो. औषध चालत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या चकतीला जंतू अगदी काठापर्यंत भिडलेले दिसले की पोटात गोळा येतो, कारण हेच औषध पुष्कळदा आधीच सुरू झालेलं असतं.

हे चिवट जंतू येतात कुठून? लघवीत सर्वाधिक सापडणारा ई. कोलाय बाळाच्या आतड्यातलाच. साध्या सर्दीला, पातळ शीला दिलेल्या अँटिबायोटिकने आतड्यातले कच्चे जंतू मरतात, चिवट मागे उरतात आणि पुढे तेच लघवीच्या वाटेने वर चढतात. एका कोर्सचा हा परिणाम सहा महिन्यांपर्यंत राहू शकतो. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती लघवीचा त्रास सुरू व्हायच्या कितीतरी आधी झालेली असते. सेफिक्झिम २०१४ पासून शेड्यूल एच-१ या औषधांच्या सरकारी यादीत आहे, चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. दुकानदार देत असला तरी घेऊ नका.

डोस वजनावर ठरतो, म्हणून मोठ्या भावंडाचं सिरप अंदाजाने पाजू नका. घरातल्या चमच्याऐवजी मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा.

संसर्ग पुन्हापुन्हा होत असेल तर शी कडक होते का, हेही डॉक्टरांना सांगा. बद्धकोष्ठतेमुळे लघवी पूर्ण सुटत नाही. जुना कल्चर रिपोर्ट लसीकरणाच्या कार्डासोबत फाइलला लावून ठेवा. पुढच्या वेळी ताप आला, तर नवा रिपोर्ट येईपर्यंतचं औषध डॉक्टर त्यावरूनच निवडतील.